रांगेबाहेरचा माणूस

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा खिडकीच्या काचेला नाक लावून एका गाईबद्दल बोलत होता.

फेब्रुवारी महिना, दुपारचे तीन. बाहेर आमच्या गॉर्ट गावचा नेहमीचा पाऊस... पडतोय की नुसता हवेत तरंगतोय, हे कळू न देणारा. साथीचं वर्ष होतं ते. आमच्या वृद्धाश्रमात बाहेरच्या कुणालाही आत यायची परवानगी नव्हती. नातेवाईक फुलांच्या वाफ्यात उभे राहायचे, काचेतून हात हलवायचे, डोळे पुसायचे आणि जायचे. हा माणूस मात्र हात हलवत नव्हता. मोठ्या आवाजात सांगत होता, "तांबडी खात नाहीये, बॉस. तुमची आठवण काढते."

खोलीत चाकाच्या खुर्चीवर मॅलकी फेही बसले होते. वय ऐंशी, डावी बाजू झटक्यानं लुळी पडलेली, जीभ मात्र शाबूत.

"नर्सबाई," ते मला म्हणाले, "त्या गाढवाला सांगा, गाय कुणाची आठवण काढत नसते. तिला चाटायला मीठ हवं असतं."

मी खिडकी चार बोटं उघडली. नियमात तेवढं बसत होतं. गार वारा आत आला, ओल्या लोकरीचा आणि गवताचा वास आला, आणि मास्कच्या वर दोन डोळे दिसले... हसरे, पापण्यांवर पावसाचे थेंब अडकलेले.

"गाईला मीठ द्यायला सांगताहेत," मी म्हणाले.

"दिलं. तरी रुसलीये."

"मग तुमच्यावर रुसली असेल."

"माझ्यावर बायका रुसत नाहीत."

"आणि गाई?"

"गाईंचं सांगता येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

मी खिडकी लावून घेतली. माझं हसू मास्कच्या आतच राहिलं, ते एक बरं झालं.

मॅलकींना मूलबाळ नव्हतं, लग्नच केलं नव्हतं. हा एदिवान, मूळचा ब्राझीलचा, सहा वर्षं त्यांच्या शेतावर राहून गुरं सांभाळत होता. त्यांना झटका आला तेव्हा यानंच त्यांना उचलून आणलं होतं. आता दर रविवारी तो पाच मैल सायकल मारत यायचा आणि खिडकीत उभा राहून आठवड्याचा वृत्तांत द्यायचा – कुठलं कुंपण पडलं, कुठली गाय गाभण राहिली.

आणि दर रविवारी दुपारी माझीच पाळी असायची. म्हणजे... मीच ती मागून घ्यायचे.

तिसऱ्या रविवारी भेटीची नोंद करताना त्यानं माझं नाव विचारलं.

"लुझविमिंदा."

"पुन्हा सांग. हळू."

"आमच्या देशात बेटांचे तीन पुंजके आहेत. लुझोन, विसायास, मिंदानाव. आईनं तिन्ही जोडून माझं नाव ठेवलं. विमी म्हण."

"म्हणजे अख्खा देश नावात घेऊन फिरतेस?"

"हो."

"जड नाही होत?"

"सवय झाली."

तो हसला आणि मग का कोण जाणे, खाली बघत राहिला. त्या खाली बघण्याचा अर्थ मला पुढे सात महिन्यांनी कळला.

मे महिन्यात दारं उघडली. एदिवान पहिल्या दिवशी आत आला तो कागदी पिशवीत चीजचे गरम गोल पाव घेऊन. मॅलकींनी चार खाल्ले आणि "रबरासारखे आहेत" म्हणून पाचवा मागितला. मी दोन खाल्ले. मग माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही किनव्हाराच्या धक्क्यावर फिरायला जाऊ लागलो. समुद्र, शेवाळाचा वास, ओहोटीला चिखलात तिरक्या पडलेल्या होड्या. पाऊस आला की तो माझ्या कोटाची टोपी ओढून माझ्या डोक्यावर घ्यायचा – कपाळाला बोट लागू नये म्हणून इतकी काळजी घेऊन... आणि मला वाटायचं, लागलं बोट, तर काय बिघडेल?

सप्टेंबरात उत्तरेकडे, देशाच्या हद्दीपलीकडे बेलफास्टला माझ्या चुलत बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. मला धर्ममाता व्हायचं होतं. मी एदिवानला म्हटलं, चल माझ्याबरोबर, बसनं जाऊ.

"त्या रविवारी गाय व्यायची आहे," तो म्हणाला.

जुलैत उत्तरेतल्या डेरी शहरात जायचं ठरवलं होतं तेव्हा कुंपण पडलं होतं. ऑगस्टात पशुवैद्य यायचा होता. उत्तरेकडं जायचं म्हटलं की याच्या गोठ्यात काहीतरी व्हायचंच.

"तुला माझ्या माणसांना भेटायचं नसेल तर तसं सांग," मी म्हणाले. "गाईंना कशाला मध्ये आणतोस?"

धक्क्याच्या कठड्यावर बसलो होतो आम्ही. त्यानं कठड्यावरचा एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "हद्दीवर कधी कधी बस थांबवतात, विमी. कागद बघतात. आणि माझ्याकडे... कागद नाहीत."

"कसले कागद?"

"कुठलेच. दोन हजार बारा साली नव्वद दिवसांचा शिक्का मारून घेऊन आलो. एक्क्याण्णवाव्या दिवशी परत गेलो नाही."

पाऊस सुरू झाला होता. त्यानं माझ्या टोपीकडे हात नेला आणि मी बाजूला सरकले.

माझा राग समजून घ्यायचा तर माझी वाट समजून घ्यावी लागेल. मी विसायासमधल्या इलोइलोची. नर्सिंग शिकले, रियाधच्या रुग्णालयात चार वर्षं काढली, इथली परीक्षा दोनदा दिली. इथे आल्यावर दर वर्षी मुदतवाढीसाठी गॉलवेच्या कचेरीबाहेर पहाटे पाचपासून उभी राहिले. एक कागद कमी निघाला की पुन्हा पुढचा महिना. सहा वर्षांनी नागरिकत्व मिळालं. आणि माझी धाकटी बहीण जोनालिन, माझ्यापेक्षा हुशार, तिला दोनदा नकार आला. ती नकाराचं पत्र घडी घालून कपाटात ठेवते आणि शाळेत शिकवायला जाते. भिंतीवरून उडी मारायचं तिच्या मनातही आलं नाही.

हे सगळं मी त्याला ऐकवलं. न रडता, चांगलं स्पष्ट, एकेक वर्ष मोजून.

"तुझ्यासाठी रांग तरी होती," तो म्हणाला. "तू नर्स आहेस. मी गुरं राखतो. गुरं राखणाऱ्याला आत घेणारी रांग मी खूप शोधली, विमी. कुठे नव्हतीच."

"रांग नसेल तर यायचं नसतं."

"खरं आहे," तो म्हणाला.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला विसरता येतं.

मी रविवारची पाळी बदलून घेतली. तो येत होता, हे मला मॅलकींच्या बशीतल्या पावांच्या कणांवरून सोमवारी कळायचं. मी ते कण पुसायचे आणि विषय काढायचे नाही. असे दहा-अकरा आठवडे गेले.

डिसेंबरात दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बातमी आली. चार वर्षांहून जास्त काळ कागदांशिवाय या देशात राहिलेल्यांना सरकार अर्ज करू देणार. अर्ज मंजूर झाला की राहायचा, काम करायचा हक्क. मी हातातला ट्रे खाली ठेवला. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते – डोळ्यांसमोर जोनालिनचं कपाट आलं. आणि दुसऱ्या क्षणी तो आला... आणि मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलकींना लापशी भरवताना मी विचारलं, "ती बातमी ऐकलीत?"

"ऐकली. साखर कमी आहे."

"तुम्हाला पटतं? हे न्यायाचं आहे?"

त्यांनी चमचा नाकारला आणि माझ्याकडे पाहिलं. "नर्सबाई, मी बॉस्टनला एकवीस वर्षं होतो. त्यातली पहिली पंधरा तशीच काढली, पर्यटक म्हणून गेलो होतो. विटा रचायचो. आई गेली तेव्हा यायचं म्हटलं असतं तर आलो असतो, पण परत जाता आलं नसतं, आणि घरी माझ्याच पैशावर तिघं शिकत होते. तिला इथे पुरत होते त्या वेळेला मी तिथल्या चर्चमध्ये जाऊन बसलो. बाहेर ऊन छान पडलं होतं. छप्पन्न कामं होती त्या दिवशी, एकही केलं नाही."

मी चमचा बशीत ठेवला.

"मग शहाऐंशी साली तिथल्या सरकारनं दार उघडलं. मला कागद मिळाले. माझ्या खोलीतला टॉमी उशिरा आलेला, त्याला नाही मिळाले. त्याच्यावर अन्याय झाला का? झाला. मला मिळाले म्हणून झाला का? नाही. मला मिळाले नसते तर त्याच्या ताटात काय वाढलं जाणार होतं?" त्यांनी तोंड उघडलं. "आण आता. गार होतेय."

मी भरवत राहिले. थोड्या वेळानं ते आपणहूनच म्हणाले, "पंधरा वर्षं मी त्यांच्या भिंती बांधल्या. त्या भिंती बेकायदा आहेत असं कुणी म्हटलं नाही कधी. फक्त मी होतो."

त्या दुपारी मी जोनालिनला फोन लावला. तिच्याकडे रात्र झाली होती, मागे कुत्री भुंकत होती. मी सगळं सांगितलं. मनातून मला हवं होतं की तिनं चिडावं. ती चिडली की माझं मन मोकळं होणार होतं.

ती म्हणाली, "भात खातो का?"

"काय?"

"हा तुझा एदिवान. भात खातो का?"

"रोज. काळ्या घेवड्याबरोबर."

"मग अडचण काय आहे?"

"जोना, तुला दोनदा नाही म्हणाले. तू नियम पाळलेस. त्यानं –"

"ताई," ती म्हणाली, "मला नकार त्यानं दिला होता का? ज्यांनी दिला त्यांच्यावर मी रागावते, अधूनमधून. शाळा असते, फार वेळ मिळत नाही." मग आवाज खाली आणून, "त्याला परत पाठवलं तर मला व्हिसा देणार आहेत असं काही कळलंय का तुला?"

मी हसले आणि त्यातच रडू आलं.

जानेवारीत एका सुट्टीच्या सकाळी मी शेतावर गेले. घरात कुणी नव्हतं. गोठ्यातून गाईचा खोल, लांब हंबरडा ऐकू येत होता. आत एदिवान गवतावर गुडघे टेकून, बाह्या खांद्यापर्यंत सरसावून बसला होता. तांबडी अडली होती. वासराचे पुढचे दोन खूर बाहेर आले होते आणि त्यांना दोरी बांधलेली.

"मला काहीतरी बोलायचंय," मी म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ताच. नाहीतर धीर होणार नाही."

"मग दोरी धरून बोल."

मी कोट काढला आणि दोरी धरली.

"मला अजून राग आहे," मी म्हणाले.

"बरं. कळ आली, ओढ."

ओढलं.

"पण तो... तुझ्यावर होता असं मला वाटत होतं."

"थांब. तिला दम घेऊ दे."

"तू म्हणालास रांगच नव्हती. मी त्यावर विचार केला. तू खरं बोललास आणि मी तुला –"

"ओढ, विमी."

आम्ही दोघांनी मिळून ओढलं आणि ओला, वाफाळता, काळाकुळकुळीत जीव आमच्या मांडीवर येऊन आदळला. एदिवाननं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, काडीनं नाकपुडीला गुदगुल्या करून शिंकवलं. तांबडीनं मागे वळून त्याला चाटायला सुरुवात केली. तो माणूस डोळे भरून त्या दोघांकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. दहा वर्षं कुणी विचारत नसताना, कुठे नोंद होत नसताना, हा हे इतक्या मन लावून करत आला होता.

"काय म्हणत होतीस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. कपाळाला काहीतरी लागलंय माझ्या."

त्यानं हात पुसला, पुन्हा पुसला आणि अगदी हळू माझ्या कपाळावरून बोट फिरवलं. या वेळी त्यानं काळजी घेतली नाही... किंवा फार घेतली.

अर्जाला पुरावे हवे होते. इतकी वर्षं तू इथेच होतास, दाखव. लपून राहिलेल्या माणसानं, आपण होतो याचे पुरावे द्यायचे. त्याच्या स्वयंपाकघरात टेबलावर आम्ही वर्षं मांडत बसायचो. वाचनालयाचं ओळखपत्र निघालं, दातांच्या डॉक्टरचं पत्र निघालं. सतरा सालच्या स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण निघालं – जनावरांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली कालवड, शेजारी मॅलकी छाती काढून उभे आणि कोपऱ्यात दावं धरलेला अर्धा एदिवान.

"अर्धाच आलाय," मी म्हणाले.

"उरलेला अर्धा गाईमागे आहे. सरकारला सांगू."

वाचनालयातून त्यानं आधी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं नेली होती, मग गुरांच्या आजारांची, मग जाड कादंबऱ्या. मी ती यादी दोनदा वाचली. माझ्याकडे शिक्के मारलेली प्रमाणपत्रं होती. याचं शिक्षण असं झालं होतं, शिक्क्यांशिवाय. एकोणीस साल मात्र रिकामं राहत होतं. त्या वर्षासाठी मॅलकींनी जबानी दिली. मी लिहून घेतली, त्यांनी उजव्या हातानं सही केली आणि म्हणाले, "खाली लिहा, हा माणूस हट्टी आहे." मी ते लिहिलं नाही.

अर्ज गेला. आणि एप्रिलमध्ये त्याच्या ब्राझीलमधल्या, गोइयासच्या घरून फोन आला. आई पाय घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं.

अर्ज सरकारच्या पुढ्यात असताना देश सोडला तर सगळं संपलं. एदिवान कुंपणाजवळ उभा राहून रोज आईशी बोलायचा. हसून, मोठ्यानं बोलायचा आणि फोन ठेवला की खांब घट्ट धरून उभा राहायचा.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "आपण लग्न करू. मी इथली नागरिक आहे. वकिलाला विचारलंय मी, तसा मार्ग आहे. कदाचित लवकर होईल."

तो कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला. असं पाहणं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला.

"नको?"

"तुला नको असं नाही, विमी. असं नको." शब्द जुळवत तो म्हणाला, "दहा वर्षांनी आपण कशावरून तरी भांडू. भांडूच. आणि तुझ्या मनात येईल... हा माझ्यासाठी आला होता की कागदासाठी? तू विचारणार नाहीस, तू चांगली आहेस. पण मला ते तुझ्या तोंडावर दिसेल. आणि माझ्याकडे उत्तर नसेल."

"आणि आई?"

"आई म्हणते, असा ये की परत जाता येईल."

मी त्या दिवशी रागानंच घरी आले. पण दारात पोचल्यावर हात स्टीअरिंगवर ठेवून गाडीतच बसून राहिले. नियम मोडलेला माणूस म्हणून मी ज्याला ऐकवलं होतं, त्यानं हातात आलेली सगळ्यात जवळची वाट नाकारली होती. माझ्यासाठी.

सप्टेंबरात पत्र आलं. साधा पांढरा लिफाफा. त्यानं तो मॅलकींच्या खोलीत, आम्हा दोघांसमोर फोडला. पहिली ओळ वाचली आणि पत्र माझ्या हातात दिलं, कारण अक्षरं त्याला दिसेनात. मी मोठ्यानं वाचलं. मंजूर. मॅलकींनी चांगला हात पुढे केला आणि एदिवाननं तो दोन्ही हातांत धरला. दोघं गडी माणसं, एकमेकांकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

नोंदणी होऊन ओळखपत्र हातात आलं, त्याच आठवड्यात तो आईकडे गेला. तीन आठवडे. रोज एक फोटो यायचा – काठी टेकत अंगणात उभी आई, आईनं केलेला भात, आईचा मला हलवलेला हात. आणि मी गोठ्यात काढलेल्या तांबडीच्या फोटोंना त्याची उत्तरं यायची. "रुसलीये का?" "रुसलीये." "गाय की तू?" "दोघी."

शॅननच्या विमानतळावर तो बाहेर आला तेव्हा उन्हानं रापला होता आणि केस आईनं कापल्यासारखे दिसत होते. मी धावले नाही. तोही नाही. जवळ येऊन त्यानं पिशवी खाली ठेवली आणि मला मिठीत घेतलं... त्याच्या सदऱ्याला दुसऱ्याच कुठल्या मातीचा, धुराचा वास होता. सातला माझी कामाची पाळी सुरू होणार होती. तसं मी त्याच्या खांद्यात तोंड खुपसूनच सांगितलं.

"मग गाडीत विचारतो," तो म्हणाला.

गाडी रस्त्याला लागली. वायपर पाऊस पुसत होते. तो समोर बघत होता, मीही.

"आता मला तुझ्याकडून काहीही नकोय," तो म्हणाला. "कागद आहे. काम आहे. जायची मुभा आहे, यायची मुभा आहे. म्हणून आता विचारता येतंय. माझ्याशी लग्न करशील?"

मी गिअर बदलला. "मला विचार करायला वेळ हवा."

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण शेजारची सीट एकदम गप्प झालेली कळली. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "किती?"

"एन्निस येईपर्यंत."

तो जोरात हसला, मग तोंडावर हात ठेवून गप्प बसला, शहाण्या मुलासारखा. एन्निस अजून वीसेक किलोमीटर होतं. वाटेतल्या न्यूमार्केटच्या फाट्यापर्यंतसुद्धा मला थांबता आलं नाही.